टोपड्याला भोक

"पाणी प्यालं इंजिन, आणि घसा सुकला आमचा," गाडीखालून वायसर पुटपुटला. "सकाळपासून चहा नाही, काही नाही. नुसतं हे उघड, ते उघड. माणसाचं पोट मात्र कोणी उघडून बघत नाही, आत काही पडलंय का ते."

चिमीला ते ऐकू आलं, कारण ती त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर उकिडवी बसून त्याला मागेल तो पाना देत होती. एरवी हे तिचं काम नव्हे. तिचं काम गॅरेजच्या मागच्या खोलीत, शिलाई मशीनवर. पण आज मशीनसमोर बसलं की पाय हलत नव्हते, तेव्हा निदान हाताला चाळा म्हणून ती इथे येऊन बसली होती.

वायसर हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. दोन माणसांच्या मध्ये सपाट होऊन बसायचं आणि कुणाला कुणावर घासू द्यायचं नाही, हा त्याचा जन्माचा स्वभाव. कधीतरी उस्ताद गमतीनं त्याला नटाखालची चकती, 'वायसर', म्हणाला आणि ते नाव गंजल्यासारखं चिकटलं. तशी 'चिमी' तरी सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला शोभते थोडीच? पण थोरल्या भावानं, दादानं, ती पाळण्यात असताना हाक मारली ती मारली. अख्खा बाजार दादाला उस्ताद म्हणायचा. दादा म्हणणारी ती एकटीच, आणि त्या एकटेपणाचा तिला बरीच वर्षं अभिमान होता.

"चौदाचा दे," वायसर म्हणाला. मग हळूच, "ताई, चार वाजता येणार ना डॉक्टर?"

"हो."

"काय सांगायचं ठरलंय?"

चिमीनं चौदाचा पाना त्याच्या हातात ठेवला. "तू काय ठरवलंयस?"

"मी?" गाडीखालून हसल्यासारखा आवाज आला. "मी गाडीखाली आहे. मला वरचं काही दिसत नाही."

गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. पन्नाशीचा सरळ माणूस, बोलणं हळू, नखं स्वच्छ, आणि आयुष्यात एकच चैन, ती ही गाडी. गाडीलाही श्वास लागतो. कंपनी जी नळी देते ती बॉनेटखाली, वरच्या बाजूला, आडोशाला असते आणि डब्यातून गुमान हवा घेते. पण हौशी लोकांचं तेवढ्यावर भागत नाही. ते बाहेरून जाड, चकचकीत नळी आणून बसवतात. ती पार खाली, बंपरच्या पाठीमागे चाकाशेजारी उतरते आणि टोकाला शंकूसारखा फिल्टर असतो. खालची हवा थंड, थंड हवा दाट, आणि दाट हवेनं इंजिनाला जोर येतो. शिवाय आवाज. डॉक्टर म्हणायचे, "दिवसभर लोकांच्या तोंडातली किरकिर ऐकतो हो, संध्याकाळी जरा घरघर ऐकू द्या."

पण नाक जमिनीला टेकवलं की नाकात पाणी जाणारच. त्यावर इलाज म्हणून चिमीचं टोपडं आलं होतं.

त्यालाही आता चार वर्षं झाली. बाहेरून यायची ती फिल्टरची तयार आवरणं मापात बसेनात, तेव्हा दादा म्हणाला, "चिमे, तू शिव की काहीतरी." तिनं पहिलं शिवलं ते रेक्झिनचं. पाणी आत जायचं नाही, पण हवाही जायची नाही. गाडी चढावर दम्याच्या म्हाताऱ्यासारखी धापा टाकायला लागली. महिनाभर ती कापडं शोधत हिंडली. शेवटी तंबू शिवणाऱ्याकडे एक तागा मिळाला. कापड पातळ, पण पाण्याचा थेंब वर मण्यासारखा घरंगळायचा, आणि ओठाला लावून फुंकलं की फुंकर पलीकडे जायची. त्याच्या चार कळ्या कापल्या, चारी टोकं खाली एका बिंदूत मिळवली, गळ्याशी इलॅस्टिक ओवलं. पहिलं तयार झालं तेव्हा दादानं ते मुठीवर चढवून पाहिलं आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. "हे तर टोपडं! फिल्टरचं बारसं करतेस का काय?"

तेव्हापासून टोपडंच. गिऱ्हाइकंही येऊन गंभीर चेहऱ्यानं विचारत, "उस्ताद, टोपडं आहे का शिल्लक?"

आणि चिमी प्रत्येक टोपडं पारखून द्यायची. यंत्र कुठलं? तिचं स्वतःचं तोंड. हातभर रबरी नळी घ्यायची, एका टोकाला टोपडं घट्ट बांधायचं, बादलीतल्या पाण्याला त्याचं टोक नुसतं टेकवायचं आणि दुसऱ्या टोकानं जोरात श्वास ओढायचा. तोंडात हवा आली तर पास, पाणी आलं तर पुन्हा मशीनवर. वहिनी बघून म्हणायची, "वन्सं, सासर टिकलं नाही तुमचं ते बरंच झालं. हे असले उद्योग कोण खपवून घेतं?" चिमी हसायची. नळी तोंडात असताना उलट उत्तर देता येत नाही, हा त्या पारखीचा एक फायदाच होता.

सासर टिकलं नव्हतं हे खरं. नवऱ्यानं दुसरं घर केलं तेव्हा दादा स्वतः टेम्पो घेऊन आला होता. मशीन, ट्रंक आणि चिमी, तिन्ही एका फेरीत उचलून आणली. वाटेत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर मागची खोली रिकामी केली, स्वतः चुना मारला आणि म्हणाला, "इथे राहायचं. कुणाला काही विचारायचं नाही." त्या वाक्याला एकोणीस वर्षं झाली होती. त्याचा अर्थ मात्र वर्षागणिक जरा जरा बदलत गेला होता.

*

सकाळी वायसरनं प्लग काढून इंजिन फिरवलं, तेव्हा त्या भोकांतून पाण्याच्या चार चिळकांड्या छतापर्यंत उडाल्या. दादानं बॅटरी घेऊन आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग हात पुसत बसला. तिसऱ्या नंबरचा रॉड वाकला होता.

विचारण्यासारखं नव्हतंच. हवा दाबली की दबते. माणूस दाबला की दबतो. पाणी तेवढं दबत नाही. पिस्टन वर आला, वर पाणी होतं, पाण्यानं जागा दिली नाही, आणि पिस्टनला खालून ढकलणारा रॉड बिचारा वाकला.

दादा हात पुसून झाल्यावरही पुसतच राहिला. मग मागच्या खोलीत आला. चिमी कळ्या कापत होती. तो दारात उभा राहिला, चौकटीला खांदा टेकून, जसा तो फक्त नड असली की उभा राहायचा.

"चिमे."

"हं."

"डॉक्टर येतील चारला. विचारतील."

"विचारतीलच की."

"पुलाखाली पाणी फार नव्हतं म्हणतात. बंपरच्या खालच्या कडेला टेकलेलं, बस. पुढचा टेम्पो निघाला, मागून हे हळूच निघाले. मग आत कसं गेलं, असं विचारतील."

चिमीनं कात्री खाली ठेवली.

"शिवण उसवली असं म्हणू आपण," दादा म्हणाला. "होतं. धागा आहे, उसवतो. तुला कोण काय बोलणार आहे? तुझ्या शिवणीला कोण विचारतंय गं? लोक माझ्या हाताला विचारतात. हाताचं नाव गेलं तर शटर ओढायचं. मग तू काय, मी काय, वायसर काय, सगळेच."

"शिवण उसवली नाही, दादा."

"मी कुठे म्हणतोय उसवली? म्हणायचं म्हणतोय." तो थोडा हसला. हसताना तो अजूनही टेम्पो घेऊन आलेला दादा दिसायचा, तीच पंचाईत होती. "मी कधी काही कमी केलंय का तुला?"

या प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते तिनं दिलं. "नाही."

"मग झालं तर," म्हणून तो गेला.

चिमी कापडाकडे बघत बसली. दादाला माहीत नव्हती अशी एक गोष्ट होती, किंवा माहीत असून त्यानं हिशेबात धरली नव्हती. नव्या बाजारात सुट्या भागांचं दुकान चालवणारी एक बाई होती. दुकानात खिळ्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं, म्हणून तिला सगळे पार्टवाली म्हणत. गेल्या महिन्यात ती स्वतः येऊन टोपडं हातात घेऊन, उलटंपालटं करून गेली होती. साठ टोपडी एकदम, पुढे दर महिन्याला तेवढीच, वर चिमीच्या नावाची पट्टी शिवून. "उस्तादच्या नाही, तुझ्या नावाची," असं बजावून. दुकानाच्या माडीवर एक खोलीही होती. खिडकी पूर्वेला. "मशीन तिथे टाक, तूही तिथेच राहा. तुझी किल्ली तुझ्याकडे." किल्ली हा शब्द चिमीनं मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला होता. एकोणीस वर्षांत मागच्या खोलीला कडी होती ती बाहेरून.

सोमवारी पक्कं सांगायचं होतं. आज शुक्रवार.

*

पार्टवालीचा फोन साडेबाराला आला.

"काय गं, ऐकलं ते खरं का?"

"काय ऐकलं?"

"डॉक्टरांची गाडी बसली, टोपड्याची शिवण उसवून. बाजारात सगळे बोलतायत. रागावू नकोस, पण माझ्या दुकानातून माल गेला की शिव्या मला बसतात. तुझ्या तोंडून ऐकावं म्हणून फोन केला."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, तुझ्या दादानंच! काल संध्याकाळी आला होता गॅस्केट न्यायला. मला म्हणाला, बहीण आहे, बोलताही येत नाही, हल्ली नजर कमी झालीय तिची."

चिमीनं फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानानंच चूक केली होती.

काल संध्याकाळी. म्हणजे इंजिन उघडायच्या आधी. आज सकाळी चौकटीला टेकून त्यानं जे विचारलं, ते विचारणं नव्हतंच. पत्र टाकून झाल्यावर 'टाकू का' असं विचारलं होतं त्यानं.

"चार वाजल्यानंतर सांगते," चिमी म्हणाली.

"सांग. मी वाट बघते. खोटं मात्र सांगू नकोस बाई, खरं काय ते सांग. उसवली असली तर उसवली म्हण, एकदा माफ. पण मग साठ नाही, आधी पाच घेऊन बघू."

*

टोपडं कुठे होतं ते कुणी सांगेना. वायसर म्हणाला, मी काढून बाकावर ठेवलं होतं. बाकावर नव्हतं. शेवटी ते स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या फडक्यांच्या डब्यात सापडलं. चिमीनं ते बाहेर काढून खिडकीपाशी नेलं.

खाली टोकाला, जिथे चार कळ्या मिळतात, तिथे भोक होतं. ते असणार हे तिला माहीत होतं. पण आता त्या भोकापासून एक शिवण वर दोन बोटं उसवलेली होती, आणि ती आधी नव्हती.

शिवण आपोआप उसवते तेव्हा धागा एका जागी तुटतो आणि मग ओढला जातो, लोंबतो, कापडाला सुरकुती पडते. इथे धागा दर तिसऱ्या टाक्याला कापलेला होता. कापड गुळगुळीत. असं उसवायला ब्लेड लागतं, आणि जरा सवय लागते.

"माझ्याकडे काय बघताय?" वहिनी मागून म्हणाली. हातात कणकेचं पातेलं होतं. "हो, मीच उसवलं. काल रात्री यांना झोप नव्हती. कूस बदलून बदलून चादर गोळा झाली. मला नाही बघवलं."

"वहिनी, ही माझी शिवण आहे."

"मग? शिवणच आहे ना? घर वाचवायचं तर एक शिवण उसवली म्हणून काय बिघडतं? परत घालता येते की." तिनं पातेलं ओट्यावर आदळलं. "यांचं नाव परत घालता येतं का? सांगा ना. चाळीस वर्षांचा हात आहे. माणूस ऐंशी कोसांवरून गाडी आणतो, उस्तादनं हात लावावा म्हणून. आणि तुम्ही टोपडं घेऊन बसलात."

"तुम्ही तिथे होतात, वहिनी. चहा घेऊन आला होतात."

वहिनी कणीक मळू लागली. मळून झालेलीच कणीक होती ती. "चहा दिला आणि मी आत आले," ती म्हणाली. "मी काही बघितलं नाही."

बघितलं होतं तिघांनी. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. डॉक्टर गाडी धुऊन घेऊन आले होते आणि म्हणाले होते की टोपडं खाली पिशवीसारखं लोंबतंय. एवढं सांगून ते फोन आला म्हणून बोलत बाहेर गेले. खरंच लोंबत होतं. धुताना कुणीतरी पाइपची धार थेट गळ्यापाशी मारली होती आणि वाटीभर पाणी आत साचलं होतं. काढून झटकलं असतं तर काम झालं असतं. पण दादा म्हणाला, "पाण्याला जायला वाट नको का?" आणि बाकावरची पत्र्याची कात्री उचलली.

"दादा, भोक कशाला?" चिमीनं विचारलं होतं.

"कुंडीला खाली भोक असतं ना? का असतं? पाणी साचू नये म्हणून. तसंच."

"पण कुंडी ओढत नाही रे पाणी. हे ओढतं."

तो वायसरकडे बघून हसला. "घ्या! आता आमची चिमी मला इंजिन शिकवणार. अगं, तू टोपडी शिव." वायसर हसला. वहिनीनं चहाचे कप खाली ठेवले आणि तीही हसली. आणि दादानं कच्चकन कात्री चालवली. करंगळी जाईल एवढं भोक. वर डॉक्टर आत आल्यावर म्हणाला, "आता बिनधास्त. बुडली तरी चालेल." डॉक्टरांनी त्या नळीबरोबर आलेल्या झडपेचं विचारलं. नाक पाण्यात गेलं तर वरून हवा घेणारी झडप असते ती, नळीच्या मध्यावर बसते. दादानं ती परत त्यांच्याच डिकीत टाकली. "मध्ये सांधा आला की आवाज फाटतो. हिचं टोपडं आहे की. झडप कशाला?"

टोपडं शिंतोड्यांसाठी असतं, पोहण्यासाठी नसतं, हे चिमीच्या ओठांवर आलं होतं. पण एकदा हसं झालं होतं. दिवसात दोनदा हसं करून घ्यायला माणूस तरुण लागतो.

त्या संध्याकाळी मात्र तिनं एका जुन्या टोपड्याला तेवढंच भोक पाडलं, नळीला बांधलं, बादलीतल्या पाण्याला टेकवलं आणि ओढलं. तोंडभर पाणी. ती खोकत खोकत मोरीपाशी बसली. दादाला सांगायला हवं, असं तेव्हा वाटलं. उद्या सांगू. उद्या तो कामात होता. परवा त्याचं डोकं दुखत होतं. मग ती विसरली असं नाही, पण तिनं ती गोष्ट अशा जागी ठेवली की रोज हाताला लागू नये. दोन महिने पाऊसही नव्हता. देव पावला असं तिला वाटलं होतं. देव नुसता थांबला होता.

म्हणून तिचा राग पुरता राग होईना. दादाकडे बोट करायला जावं तर त्याच हातावर बादलीतलं पाणी दिसायचं.

*

डॉक्टर चारला पाच कमी असताना आले. दवाखान्यातूनच आले होते. कपाळावर अजून ती जाड भिंगांची पट्टी वर सरकवलेली, काढायची राहून गेली होती. इंजिन उघडं पडलेलं बघून ते दारातच थबकले. रोज लोकांना 'आ करा' म्हणणारा माणूस, पण हा आ त्यांना बघवला नाही.

"बसा डॉक्टर," दादा म्हणाला. "अगं, चहा."

"चहा नको. काय झालं ते सांगा, उस्ताद. मी पाण्यात घातली नव्हती हो गाडी. मुलगी मागे बसली होती माझी, तिची परीक्षा होती. पाणी जेमतेम पोटरीएवढं होतं. मी दोनदा विचार केला, मग तुमचं वाक्य आठवलं. बुडली तरी चालेल. म्हटलं, ही तर बुडणारही नाही." ते थांबले. "मधोमध बंद पडली. तिला पाठीवर घेऊन बाहेर आलो. पेपर बुडाला तिचा. वर्ष गेलं म्हणते."

वायसर गाडीखालून बाहेर आला होता, तो पुन्हा आत जावं की नाही या विचारात खाली बसला.

"इंजिनाचं काम मी स्वतः करणार," दादा म्हणाला. "हात माझा, जबाबदारी माझी. कारण म्हणाल तर डॉक्टर... काय सांगू. घरातलंच आहे. टोपड्याची शिवण उसवली. माझी बहीण शिवते, तुम्हाला माहीत आहे. जीव तोडून शिवते बिचारी. पण वय झालं, नजर..." त्यानं मान हलवली. इतक्या मायेनं हलवली की परक्याला वाटावं, काय भाऊ आहे.

डॉक्टर चिमीकडे वळले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. "होतं ताई," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते चिमीनं ओळखलं. सोमवारी पार्टवालीच्या डोळ्यांत तेच येणार होतं. एकदा माफ, आधी पाच घेऊन बघू, मग पाचही नको. मग मागची खोली, बाहेरून कडी, आणि नजर कमी झालेली चिमी.

"बघू ते टोपडं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते काय बघायचं, फेकूनच..." वहिनी दारातून म्हणाली. तोवर चिमीनं ओच्यातून टोपडं काढून त्यांच्या हातात दिलं होतं.

डॉक्टरांनी सवयीनं कपाळावरची भिंगं डोळ्यांवर ओढली. टोपडं दाराच्या उजेडात धरलं. दोन बोटांनी कड ताणली, जशी एखाद्याचा ओठ बाजूला करून दाढ बघावी. गॅरेजात कंप्रेसरचा आवाज चालू होता, तो वायसरनं उठून बंद केला. का बंद केला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"इथे उसवलंय," डॉक्टर म्हणाले. "खरं आहे. पण हे वर. खाली..." त्यांनी टोपडं जवळ घेतलं. "खाली शिवण नाहीच उसवलेली. शिवणीच्या मधूनच कापलंय. धागा आणि कापड एका रेषेत. कात्री आहे ही. गोल कापलंय मुद्दाम." त्यांनी भिंगं वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि ते जास्त वाईट होतं. "हे कोणी कापलं?"

वायसर हातातला पाना फडक्यानं पुसू लागला. वहिनीनं पदर सारखा केला.

"उस्ताद?"

दादानं डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. तो चिमीकडे बघत होता. तोच चेहरा, टेम्पोतून एक शब्द न बोलता तिला घेऊन आलेला. आता त्या चेहऱ्यावर घाम होता आणि डोळ्यांत विनवणी. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला घाबरलेलं बघितलं. ती हो म्हणाली असती, त्या एका चेहऱ्यासाठी, अजूनही. एकोणीस वर्षांचं मीठ होतं. तो काहीच बोलला नसता, तर ती बहुतेक हो म्हणालीच असती.

पण तो बोलला.

"चिमे," तो म्हणाला, अगदी हळू, लहान मुलीला समजवावं तसं. "तू कापलंस का गं काही? आठव बरं. मापाला म्हणून कापलं असशील. विसरली असशील."

"होतं हो वन्सं," वहिनी लगेच म्हणाली. "कामाच्या घाईत होतं असं."

वायसरनं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कळू नये इतकीच.

चिमीनं तिघांकडे एकदा बघून घेतलं. कुणाचा राग आला नाही तिला, हेच तिला नवल वाटलं. नुसता कंटाळा आला. मोठा, हाडापर्यंतचा.

"भोक तू पाडलंस, दादा," ती म्हणाली. "पत्र्याच्या कात्रीनं, याच बाकापाशी. पाणी ओढणार हे मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी गप्प बसले. आणि तू पाडत होतास ते आम्ही तिघंही बघत होतो."